वळिवड्याचे पोलिश पाहुणे आणि आपल्या घरातले अल्बम

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातले मोठे गाव. उत्तरेला वारणा नदी, दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, चहूबाजूंनी ऊस. शेजारीच वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला साखर कारखाना, दूध संघ, शाळा-महाविद्यालये आणि मुलांचा वाद्यवृंद यांमुळे या भागाचे नाव महाराष्ट्रभर झाले. इतकी कामे जवळ असताना कोडोलीच्या माणसाने गाव कशाला सोडावे, असे बाहेरच्याला वाटेल. पण माणसे जातात. कोणी पुण्या-मुंबईला जातो, कोणी फौजेत जातो आणि आमच्या मोहल्ल्यातले बरेच जण समुद्रापलीकडे जातात. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर, शिंपी यांना तिकडून बोलावणी येऊ लागली. ती अजून थांबलेली नाहीत.

गावात बाहेरची माणसे आलीही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक येथे येऊन राहिले आणि त्यांनी दवाखाना चालवला. जुनी माणसे अजून 'मिशनचा दवाखाना' असेच म्हणतात. ते लोक आपल्या कामाची पत्रे, अहवाल आणि फोटो अमेरिकेला पाठवत. त्या चर्चच्या परदेशी कामाचे दप्तर आज फिलाडेल्फियातल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत जपून ठेवलेले आहे. गंमत अशी, की आपल्या भागातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा पाहायचा तर तो आपल्या घरी सापडेलच असे नाही. एखाद्या परक्या देशातल्या कपाटात मात्र सापडू शकेल. परदेशी राहणारा माणूस फोटो काढतो, कारण त्याला घरच्यांना काहीतरी दाखवायचे असते. घरी राहणाऱ्याला तशी गरज वाटत नाही.

हा विचार मनात घोळत होता म्हणून गेल्या थंडीत एका रविवारी आम्ही चौघे वळिवड्याला गेलो. मी, माझी पत्नी, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सौदीहून सुट्टीवर आलेला माझा भाचा. कोडोलीहून वाठारला हायवेला लागायचे. मग टोप, शिरोली करत पंचगंगेचा पूल ओलांडायचा आणि तावडे हॉटेलच्या चौकातून गांधीनगरच्या रस्त्याला वळायचे. तासाभराची वाट आहे. गांधीनगर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. लग्नाचा बस्ता बांधायचा, ईदचे कपडे घ्यायचे, तर अर्धा जिल्हा तिथेच जातो. होलसेल कापडाची ती दुकाने बहुतेक सिंधी व्यापाऱ्यांची. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांना राहायला जागा कुठली मिळाली? रिकाम्या झालेल्या बराकी. आणि त्या बराकी कोणी रिकाम्या केल्या? पोलंडच्या लोकांनी. एका निर्वासितांच्या वस्तीत दुसरे निर्वासित राहायला आले आणि त्यातून बाजारपेठ उभी राहिली. ईदच्या खरेदीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

सैबेरियातून कोल्हापूरला

गोष्ट १९३९ च्या सप्टेंबरात सुरू होते. १ तारखेला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ तारखेला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर हल्ला केला. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्व भागातल्या लाखो लोकांना रशियनांनी १९४० आणि ४१ मध्ये घराबाहेर काढले. मालगाडीच्या डब्यांत भरून त्यांना सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेण्यात आले. त्यांत म्हातारेकोतारे, बाळंतिणी, दुधपिती मुले सगळे होते. थंडी, उपासमार आणि रोग यांनी किती गेले याचा हिशेब अजून पुरा लागलेला नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा रशियाला मित्रांची गरज पडली. पोलंडच्या परागंदा सरकारशी करार झाला, कैदेतले पोलिश लोक सुटले आणि जनरल आंडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारायला सुरुवात केली. फौजेच्या मागे बायका-मुलेही दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये दोन खेपांत ही माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्या बंदराला आज अन्झली म्हणतात. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे आली. अंगावर चिंध्या, केसांत उवा, निम्मे लोक तापाने फणफणलेले. अनेकांनी तिथल्या वाळूवरच प्राण सोडला. पहलवी आणि तेहरान येथे त्यांची कबरस्ताने आजही आहेत.

इराण त्या वेळी स्वतःच ब्रिटिश आणि रशियन फौजांच्या ताब्यात होता. तिथे धान्याची टंचाई होती. तरीही या परक्या, परधर्मीय लोकांना तिथल्या सामान्य माणसांनी जे दिले त्याची आठवण पोलिश लोक आजवर काढतात. खजूर, अंडी, रोट्या, गरम पाण्याचे हमाम. अनाथ मुलांची तर इस्फहान शहरात खास सोय झाली. तिथल्या वाड्यांतून आणि मठांतून दोन हजारांहून जास्त पोलिश मुले राहून, शिकून गेली. म्हणून पोलिश लोक इस्फहानला 'पोलिश मुलांचे शहर' म्हणतात.

पण इराणमध्ये कायम राहणे शक्य नव्हते. मग काही जण आफ्रिकेत गेले, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला आणि काही हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे सुमारे एक हजार मुलांना आसरा दिला. ही हकीकत बऱ्याच जणांना माहीत असते. त्याहून मोठी वस्ती कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला होती हे मात्र कोल्हापूरकरांनाही सांगावे लागते. १९४३ मध्ये ही वस्ती सुरू झाली. पाच हजारांच्या आसपास लोक तिथे राहत आणि त्यांत बहुतेक बायका व मुले. पुरुष आंडर्सच्या फौजेत इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये माँते कासिनोचा डोंगर ज्यांनी घेतला, त्यांतल्या कित्येकांची कुटुंबे त्या वेळी पंचगंगेच्या काठी त्यांच्या पत्राची वाट पाहत होती.

बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला खोली, पुढे छोटा व्हरांडा आणि त्यावर चढवलेले वेल. प्राथमिक शाळा, हायस्कूल, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथके, सहकारी दुकान असे एक पुरे पोलिश गाव येथे नांदत होते. आसपासचे दूधवाले, फळवाले, शिंपी, टांगेवाले तिथे जात. कामापुरती पोलिश भाषा शिकलेले विक्रेते होते, असे तिथे वाढलेल्या मुलांनी पुढे लिहून ठेवले आहे. १९४८ पर्यंत वस्ती मोडली. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आलेली असल्याने आणि अनेकांची गावे थेट रशियात गेल्याने परतणारे थोडेच. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले.

आज तिथे काय दिसते

खरे सांगायचे तर फार काही दिसत नाही. रेल्वेचे छोटे स्टेशन आहे, घरे आहेत, दुकाने आहेत, टेम्पो उभे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांच्या उपस्थितीत येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्या वेळी लहानपणी येथे राहिलेली काही माणसे वयाची ऐंशी उलटल्यावर पुन्हा आली होती. कोल्हापुरात महावीर उद्यानातही पोलिश लोकांनी उभारलेले स्मारक आहे, आणि जे येथेच वारले त्यांच्या कबरी शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. उलट बाजूने पाहिले तर पोलंडची राजधानी वॉर्सा येथे 'कोल्हापूर' नावाचे स्मारक २०१७ मध्ये उभे राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत चार दिवस त्याची चर्चा झाली.

मग वळिवड्याचे ते गाव पाहायचे कुठे? उत्तर आहे, पुस्तकात. येथे वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी लंडनमध्ये 'हिंदुस्थानातील पोलिश लोकांची मंडळी' स्थापन केली. ते कोणी इतिहासकार नव्हते. निवृत्त शिक्षिका, इंजिनीअर, गृहिणी अशी माणसे. ती एकत्र जमत, आपापल्या घरातले अल्बम घेऊन येत आणि 'ही कोण, तो कोण' असे एकमेकांना विचारत. त्यातून २००० साली १९४२ ते १९४८ या काळावरचा जाडजूड पोलिश ग्रंथ लंडनहून निघाला. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही आली. त्यात कागदपत्रे, आठवणी आणि घरोघरच्या पेटीतून निघालेले फोटो आहेत. त्यांच्यासाठी ते परदेशातल्या आयुष्याचे पुस्तक. आपल्यासाठी मात्र ते चाळीसच्या दशकातल्या आपल्याच कोल्हापूरचे पुस्तक आहे.

इस्फहानचा फोटोवाला

याहून मला भावली ती दुसऱ्या एका पुस्तकाची हकीकत. इस्फहानमध्ये अबुलकासिम जला नावाचे फोटोग्राफर होते. त्यांचा 'शर्क' नावाचा स्टुडिओ होता. शर्क म्हणजे पूर्व. आपल्या तालुक्याच्या गावी असतो तसाच स्टुडिओ. पडदा, खुर्ची, दिवे आणि एक मोठा कॅमेरा. १९४२ ते १९४५ या काळात पोलिश मुले, त्यांच्या शिक्षिका, नन आणि सैनिक त्यांच्याकडे फोटो काढायला येत. जला आपले काम करत, पैसे घेत आणि निगेटिव्ह जपून ठेवत. त्यात काही मोठे कार्य आहे असे त्यांना वाटले असेल असे नाही. पण निगेटिव्ह फेकून दिल्या नाहीत, हीच त्यांची थोरवी.

अर्धशतकानंतर पारिसा दमंदान ही इस्फहानचीच मुलगी फोटोग्राफी शिकून गावातल्या जुन्या स्टुडिओंचा शोध घेऊ लागली. मेलेल्या फोटोग्राफरांच्या घरी जायचे, माळ्यावरच्या पेट्या उघडायच्या, धूळ पुसायची, निगेटिव्ह उजेडात धरून पाहायच्या, असे तिने वर्षानुवर्षे केले. त्यात जला यांचे पोलिश चेहरे सापडले आणि २०१० मध्ये तेहरानहून 'इस्फहानची मुले' या नावाचे पुस्तक निघाले. याच बाईंनी २००३ च्या डिसेंबरात बम शहर भूकंपात जमीनदोस्त झाले तेव्हा तिथे जाऊन पडलेल्या स्टुडिओंच्या ढिगाऱ्यातून निगेटिव्ह गोळा केल्या. ज्या घरांतले सगळे अल्बम मातीत गेले, त्यांच्या माणसांचे चेहरे त्यामुळे शिल्लक राहिले.

माझ्या मुलीने 'इस्फहानची मुले' या पुस्तकातली काही छायाचित्रे मोबाईलवर उतरवून आणली होती. वळिवड्यात चहाच्या टपरीवर बसून आम्ही ती पाहिली. नीट भांग पाडलेला मुलगा. केसांत रिबन बांधलेल्या मुली. इस्त्रीचे कपडे, शांत चेहरे. पाहणाऱ्याला वाटावे, ही चांगल्या खात्यापित्या घरची मुले कुठे सहलीला आलेली दिसतात. वर्षा-दोन वर्षांपूर्वी यांनी आई-बाप गमावले, उपाशी राहून कातड्याला हाडे लागली होती, हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

पत्नी म्हणाली, "म्हणजे फोटो खोटाच म्हणायचा."

भाचा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "खोटा नाही मामी. आमचे फोटूबी असेच असतात."

खोलीचा फोटो का नाही?

त्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. उंच इमारतीपुढे उभा, समुद्राकाठी उभा, पांढऱ्या गाडीला टेकून उभा. गाडी दुसऱ्याची आहे हे त्याने त्या दिवशी प्रथमच सांगितले. मी विचारले, "आठ वर्षे तिकडे आहेस, तुझ्या खोलीचा एकही फोटो का नाही?"

तो हसला आणि म्हणाला, "अम्मीला काय दाखवू, मामू? एका खोलीत सहा जण, वर-खाली पलंग. शुक्रवारी कपडे धुवायला नंबर लावायचा. ती बघेल आणि रात्रभर जागी राहील."

इस्फहानमधल्या त्या मुलांना इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीवर बसवणाऱ्या शिक्षिकांच्या मनात हेच असावे. फोटो कुठेतरी दूर असलेल्या बापाला जाणार, तो खंदकात बसून पाहणार, त्याला धीर यावा. फोटोत जे असते ते खोटे नसते. घरच्यांनी काय मानावे अशी आपली इच्छा असते, ते त्यात असते. त्यामुळे घरी पोहोचलेल्या फोटोत निम्मेच आयुष्य येते. उरलेले निम्मे त्या माणसाच्या पोटात राहते आणि त्याच्याबरोबर जाते.

आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग खाला आहेत. त्यांचे मरहूम पती कुवेतला होते. त्यांच्याकडे एकच रंगीत फोटो आहे, आता तो गुलाबी पडला आहे. सहा माणसे एका ट्रकपुढे उभी आहेत. खालांना आपले माणूस ओळखू येते, पण बाकीच्या पाच जणांतला एकही नाही. त्या म्हणतात, "पंधरा बरस याच लोकांच्या हातचे खाल्ले त्यांनी. आजारी होते तेव्हा यांच्यातल्याच कुणीतरी दवाखान्यात नेले. नाव विचारायचे राहून गेले." त्या पाच माणसांच्या घरी, केरळात म्हणा, पाकिस्तानात म्हणा, हाच फोटो असेल आणि तिथेही कोणी आपल्या कोडोलीच्या माणसावर बोट ठेवून 'हा कोण' असे विचारत असेल.

नाव नसलेला फोटो यतीम असतो. लंडनच्या त्या मंडळींनी जे सर्वांत मोठे काम केले ते छपाईचे नव्हे. ओळखणारी माणसे जिवंत असताना त्यांनी नावे लिहून घेतली. दहा वर्षे उशीर झाला असता तर तेच फोटो राहिले असते, पण पुस्तक झाले नसते.

आपल्याकडे हे नवीन नाही

आपल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम घराण्यांनी परदेशातले आयुष्य लिहून ठेवण्याची वाट शंभर वर्षांपूर्वीच पाडली आहे. अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणशास्त्र शिकायला लंडनला गेल्या. तिथून त्या घरी रोजनिशीवजा पत्रे पाठवत. लाहोरहून निघणाऱ्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या पत्रिकेत ती छापून येत आणि पडद्यातल्या हजारो भगिनी ती वाचत. १९२१ मध्ये त्यांचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. त्यांच्या भगिनी नाझली बेगम म्हणजे आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या बेगमसाहेबा. १९०८ च्या युरोप प्रवासावर त्यांनीही उर्दूत पुस्तक लिहिले. एका साध्या कौटुंबिक पत्रिकेने ही पत्रे छापली, म्हणून ती शिल्लक राहिली.

कोकणी मुसलमानांचे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनशी नाते तर शंभरहून अधिक वर्षांचे आहे. आमच्या घाटावरच्या माणसांचे परदेशाशी पहिले नाते बहुधा हजचे. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाज जात होते. पासपोर्टसाठी फोटो लागे, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत बसलेले कितीतरी दादा-दादी आहेत. आज घराच्या भिंतीवर दिसणारा त्यांचा मोठा फोटो त्याच पासपोर्टच्या फोटोवरून वाढवलेला असतो. पुढे आखातातून पत्रांबरोबर कॅसेट येऊ लागल्या. अब्बा त्यात बोलत, घरचे सगळे टेपभोवती बसून ऐकत आणि त्याच कॅसेटवर आपले बोलणे भरून परत पाठवत. त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजाने पुसला जाई. आता व्हिडिओ कॉल आहे. रोज चेहरा दिसतो, पण दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच उरत नाही. मोबाईल हरवला की तीन वर्षे गेली. एवढे फोटो कोणत्याच पिढीने काढले नव्हते आणि एवढे थोडे जपलेही नसतील.

मुंबईत अनुषा यादव या पुस्तकांची मांडणी करणाऱ्या डिझायनर बाईंनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. लोकांनी घरातला एक जुना फोटो द्यायचा आणि त्यामागची गोष्ट सांगायची, एवढीच अट. एका व्यक्तीने सुरू केलेल्या कामातून देशभरातल्या कुटुंबांचा केवढा तरी इतिहास गोळा झाला. म्हणजे मोठी संस्था, मोठा निधी लागतोच असे नाही. शर्क स्टुडिओ छोटा होता, लंडनची मंडळी हौशी होती आणि दमंदान यांचा शोध माळ्यावरच्या पेट्यांपासून सुरू झाला.

घरचे पुस्तक करता येते

आता आपल्या गावाकडे या. प्रत्येक बाजारपेठेच्या गावात लग्नाचे अल्बम करणारी तरुण पोरे आहेत. संगणक आहे, स्कॅनर आहे, पानांची मांडणी त्यांना येते. लग्नाच्या चार दिवसांसाठी आपण जाडजूड अल्बम करून घेतो. वडिलांच्या पंचवीस वर्षांच्या परदेशी राबण्यासाठी एक पातळ पुस्तक करायला काय हरकत आहे? परतीच्या वाटेवर माझी मुलगी आणि भाचा यांनी हेच ठरवले. आमच्या मोहल्ल्यातून जे जे बाहेर गेले त्यांचे फोटो जमवायचे आणि त्यांचे पुस्तक करायचे. गावातल्याच एका छोट्या स्टुडिओने मांडणी करून द्यायचे कबूल केले आहे. त्यांचे काम सुरू झाल्यापासून ज्या गोष्टी कळल्या त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट नावांची. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून प्रत्येक फोटोतली नावे, गाव, साल आणि काम विचारून लिहून घ्या. फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. जमल्यास बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा.

दुसरी गोष्ट जपणुकीची. चिकट पानांच्या आणि वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये फोटो खराब होतात. ते ओढून काढू नका. पान तसेच स्कॅन करून घ्या. जुन्या फोटोला लॅमिनेशन कधीच करू नका, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. निगेटिव्ह असतील तर त्या सोन्यासारख्या समजा. स्कॅन निदान ३०० डीपीआयला करावे. फोटो लहान असेल तर ६०० ला. त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांतले एक ठिकाण दुसऱ्या घरी असावे.

तिसरी गोष्ट परवानगीची. घरातल्या बायकांचे फोटो छापायचे की नाही हे त्यांनाच विचारा. 'आम्ही सांगतो ना, छापा' असे पुरुषांनी परस्पर म्हणू नये. ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांची हकीकत द्यावी. आमच्याकडे एका बहिणीने आपल्या फोटोऐवजी पतीने पाठवलेल्या पैशांच्या हिशेबाची वही दिली. मुलांची फी, सासूचे औषध, घराची वीट, बोअरचा हप्ता, सगळे त्यात आहे. ज्या घरात माणूस परदेशी जातो त्या घरातल्या बाईचे आयुष्यही त्याच पुस्तकाचा भाग असते. पासपोर्ट, व्हिसा यांचे फोटो छापताना त्यावरचे नंबर मात्र झाकावेत.

चौथी गोष्ट छपाईची. छापखान्यात पाने १६ च्या फॉर्मने मोजतात. ६४ पानांचे पुस्तक म्हणजे ४ फॉर्म. पन्नास-पाऊणशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. काही शे प्रती असतील तर ऑफसेट स्वस्त पडते. फोटोसाठी आर्ट पेपर घ्या, पण बांधणी शिलाईची करून घ्या. नुसत्या डिंकाच्या बांधणीची पाने उघडून उघडून सुटतात. आणि एका पानावर एकच फोटो ठेवा, खाली त्याचे चार ओळींचे सांगणे. लग्नाच्या अल्बमसारखी फुले, चांदण्या, ढग मागे घालू नका. माणसाचा चेहरा पुरेसा आहे.

भाच्याची सुट्टी संपली, तो परत गेला. गेल्या महिन्यात त्याने पुस्तकासाठी दोन फोटो पाठवले. एक खोलीचा. वर-खाली पलंग, खिळ्यांना टांगलेले कपडे, खाली सहा जोड्या चपला. दुसऱ्या फोटोत पाच जण दस्तरखानाभोवती बसले आहेत. खाली त्याने प्रत्येकाचे नाव, गाव आणि जिल्हा मराठीत लिहिला आहे. एक बिहारचा, दोघे केरळचे, एक नेपाळचा आणि एक बांगलादेशचा. सहावा तो स्वतः. त्यानेच फोटो काढला, म्हणून तो त्यात नाही.

माझ्या बहिणीने ते दोन्ही फोटो पाहिले. खोलीच्या फोटोवर तिची नजर बराच वेळ खिळून होती. मग तिने पाच जणांची नावे एकेक करून वाचायला लावली आणि नेपाळच्या मुलाची आई आहे का, हे भाच्याला विचारायला सांगितले.